इबिझात पैसे कुठे जातात आणि पोट कसं भरायचं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

इबिझा म्हणजे स्पेनचं क्लबांसाठी प्रसिद्ध बेट, त्याचं नाव काढलं की आपल्याकडे लोक आधी क्लबच्या तिकिटाचे भाव बघतात आणि तिथेच गार होतात. पण तिकीट आधी दिसतं, त्याची तयारी करता येते. खरा खड्डा पडतो तो भर दुपारी उन्हातून येऊन समुद्रासमोरच्या पहिल्या दिसेल त्या टेबलावर बसलं की, "थोडंसंच खाऊ" म्हणत मागवलेल्या दोन डिश, पाण्याची बाटली, न मागता आलेला ब्रेड, आणि बिल येतं ऐंशी युरोचं. त्यामुळे या बेटावर बजेट सांभाळायचं म्हणजे मुळात जेवणाच्या वेळा आणि जागा सांभाळायच्या, बाकी सगळं त्यामागून येतं. हिशोबाला सोपं म्हणून एक युरो म्हणजे शंभर रुपये धरा, प्रत्यक्षात थोडे जास्तच लागतात.

आधी तारखा ठरवा, मग बाकी

सीझन एप्रिलच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. जुलै-ऑगस्ट टाळा, खरंच टाळा, त्या वेळी अर्धं युरोप तिथे असतं आणि त्याच खोलीचा भाव जूनच्या सुरुवातीच्या दुप्पट झालेला असतो. जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा मस्त, क्लब चालू असतात, समुद्र पोहण्यासारखा असतो (सप्टेंबरमध्ये तर जास्तच कोमट) आणि वेटरला तुमच्याशी दोन शब्द बोलायला वेळ असतो. नोव्हेंबरनंतर गेलात तर अर्ध्याहून जास्त शटरं बंद दिसतील.

व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, तो स्पेनकडून काढायचा, मोठ्या माणसाची फी २०२४ पासून ९० युरो, शिवाय व्हिसा सेंटरची फी वेगळी, आणि किमान ३०,००० युरो कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स हवाच. स्पेन दिवसाला तुमच्याकडे किती पैसे असायला हवेत याचा एक आकडा ठरवतं, २०२५ मध्ये तो माणशी साधारण ११८ युरो होता, तर बँक स्टेटमेंट त्या हिशोबाने बघा. भारतातून थेट विमान नाही, माद्रिद किंवा बार्सिलोनाला उतरून तासाभराचं दुसरं विमान. बार्सिलोनाहून रात्रीची फेरीबोटपण असते, त्यात एका रात्रीचं हॉटेल वाचतं पण साध्या खुर्चीत झोप कितपत लागते ते आपापल्या पाठीवर अवलंबून.

राहायची जागा निवडताना खालच्या गल्लीत काय आहे ते बघा

प्लाया देन बोसा क्लबांच्या जवळ आहे पण खाणं महाग आणि बेताचं. सान्त अंतोनी स्वस्त, ब्रिटिश पोरांची गर्दी जास्त, सूर्यास्त मात्र तिकडचाच. सांता एउलारिया शांत, कुटुंबं, चांगली रेस्टॉरंट्स. माझं मत विचाराल तर इबिझा टाउनमध्ये राहा, बंदरावर नाही, तर मागच्या नव्या भागात, किंवा फिगेरेतेसला, कारण तिथे वर्षभर राहणारी माणसं आहेत आणि जिथे बारमाही माणूस राहतो तिथे माणसाच्या भावाने जेवण मिळतं. बसस्टँड जवळ, मर्कात नोउ म्हणजे नवी मंडई चालत, सुपरमार्केट कोपऱ्यावर.

स्पेनमध्ये "ओस्ताल" म्हणजे आपल्या डोळ्यासमोर येतं ते बंकबेडवालं हॉस्टेल नाही, साधं कौटुंबिक लॉज, स्वतःची खोली आणि बहुतेक वेळा स्वतःचं बाथरूम. स्वस्तात तेच बघा. घर भाड्याने घेणार असाल तर जाहिरातीत पर्यटन परवान्याचा नंबर आहे का ते आधी तपासा, बेकायदा फ्लॅट तिथे खूप आहेत आणि त्यावर कारवाई चालू असते, आयत्या वेळी बुकिंग रद्द झालं तर ऑगस्टमध्ये फुटपाथवर याल. आणि हो, चेक-इनला पर्यटक कर वेगळा मागतात, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे माणशी रात्रीला १ ते ४ युरो आणि त्यावर १० टक्के टॅक्स, १६ वर्षांखालच्या मुलांना माफ. यात फसवणूक वगैरे काही नाही, २०१६ पासून सगळ्या बालेआरिक बेटांवर (इबिझा ज्या बेटसमूहात येतं तो) आहे.

खोलीत पाणी उकळायची किटली असेलच असं धरू नका, चहाबाज असाल तर छोटी सोबत न्या. घरून चिवडा, चटणी, उपम्याचं प्रीमिक्स, थालीपिठाची भाजणी चालतं, पण तूप, पेढे, बर्फी, चीज, कुठल्याही प्रकारचं मांस युरोपियन युनियनमध्ये बाहेरून नेता येत नाही. आजीने दिलेली तुपाची बरणी विमानतळावर टाकून द्यायची वेळ आणू नका.

दिवस असा लावा

सगळ्यात मोठी अडचण वेळेची होते. आपण साडेबाराला जेवायला निघतो आणि संध्याकाळी साडेसातला परत भूक लागते, आणि नेमकं त्या वेळी तिथलं चांगलं किचन बंद असतं. दुपारचं जेवण दीड ते साडेतीन-चार, रात्रीचं साडेआठनंतर, साडेनऊ दहा म्हणजे अगदी नॉर्मल. मधल्या वेळात दिवसभर चालू असतात ती मुख्यतः टुरिस्टांसाठीची ठिकाणं, फोटोवाली मेन्यूकार्डं, फ्रीझरमधून निघालेली पाएया म्हणजे स्पॅनिश केशरी भात.

म्हणून सकाळी हलकं खायचं. कुठल्याही साध्या बारमध्ये (बार म्हणजे तिथे दारूचा गुत्ता नव्हे, सकाळी आज्यापण कॉफी प्यायला येतात) "काफे कोन लेचे" म्हणजे दुधाची कॉफी आणि टोमॅटो चोळलेला, ऑलिव्ह तेल घातलेला टोस्ट, पाच-सहा युरोत काम होतं. ताजी मोसंबी पिळून देतात ती घेतली तर अजून तीन-चार.

मग दुपारी मेन जेवण. याचं नाव "मेनू देल दिया", म्हणजे त्या दिवसाचं ठरलेल्या किमतीचं जेवण. दारासमोर काळा फळा असतो, हाताने लिहिलेला, बहुतेक वेळा फक्त स्पॅनिशमध्ये, आणि स्पॅनिशमध्येच असेल तर ते चांगलं लक्षण समजा. त्यावर "प्रिमेरोस" म्हणजे पहिली डिश, त्याखाली तीन-चार नावं, "सेगुंदोस" म्हणजे दुसरी डिश, त्याखाली तीन-चार नावं, दोन्हीतून एकेक निवडायचं. शेवटी गोड किंवा कॉफी. खाली बारीक अक्षरात "पान इ बेबिदा" लिहिलं असेल तर ब्रेड आणि एक पेय किमतीत धरलेलं आहे, पेय म्हणजे पाणी, बिअरचा छोटा ग्लास किंवा वाइन, काही ठिकाणी अख्खी छोटी बाटलीच टेबलावर ठेवतात. हे सगळं इबिझात साधारण १५ ते २० युरोत मिळतं. त्याच रेस्टॉरंटमध्ये रात्री तेच पदार्थ कार्डावरून मागवले तर आरामात पस्तीस-चाळीस होतात. हा फळा शनिवार-रविवारी गायब असतो किंवा महाग होतो, त्यामुळे बीचवर डबा घेऊन जायचे दिवस विकेंडला ठेवा आणि भरपेट दुपारी सोमवार ते शुक्रवार.

इबिझा टाउनमध्ये जुन्या पद्धतीचं बघायचं असेल तर बंदराजवळच्या गल्लीतलं कोमिदास बार सान हुआन, छोटी जागा, अनोळखी माणसांसोबत टेबल शेअर करावं लागतं, रांग लागते. सांता गेर्त्रुदिस गावातला बार कोस्ता बोकादियोसाठी म्हणजे लांब पावाच्या सँडविचसाठी नावाजलेला, वर छताला हॅमच्या तंगड्या टांगलेल्या आणि भिंतीभर चित्रं. शाकाहारी माणसाने वर बघू नये, चीजचा पाव मागवावा आणि चौकात येऊन बसावं.

रात्री मग जड जेवायची गरजच उरत नाही. सुपरमार्केटमधून पीच, टरबूज, ब्रेड, चीज, गझपाचोचा टेट्रापॅक (टोमॅटोचं थंडगार सूप, दोन-तीन युरोत लीटर, आणि पूर्ण शाकाहारी), नाहीतर एखाद्या बारमध्ये उभ्याउभ्या तोर्तिया म्हणजे बटाट्याच्या जाड ऑम्लेटचा तुकडा. मर्कादोना, लिडल, एरोस्की ही नावं लक्षात ठेवा, बीचसमोरच्या मिनीमार्केटमध्ये तीच पाण्याची बाटली दुप्पट भावात असते.

पाण्याचं एक सांगतो. स्पेनमध्ये २०२२ च्या कायद्यापासून रेस्टॉरंटने नळाचं पाणी फुकट द्यायलाच हवं, "आग्वा देल ग्रिफो" म्हणून मागायचं. पण इबिझाचं नळाचं पाणी जड आणि खारट लागतं, तिथले लोकच पीत नाहीत, त्यामुळे खोलीवर पाच किंवा आठ लिटरचा कॅन आणून ठेवा आणि बाटली भरून निघा.

इबिझाचं म्हणून काय खायचं

पाएया खाऊ नका असं नाही म्हणत, पण ती व्हॅलेन्सियाची. बेटाचं स्वतःचं जेवण कोळी आणि शेतकऱ्यांचं आहे आणि बऱ्याच पार्टीवाल्यांना त्याचा पत्ताच नसतो.

एका जेवणावर पैसे सोडायचे असतील तर ते "बुयीत दे पेश" वर सोडा. हे दोन भागात येतं. आधी मोठ्या ताटात मासे आणि बटाटे, केशर घातलेल्या रश्श्यात उकळलेले, वरून आलिओली म्हणजे लसणीचा पांढरा सॉस त्याच रश्श्यात सैल करून ओतलेला. मासे चांगले असतात, मेरो (आपल्या हेकरूच्या नात्यातला), गायो दे सान पेद्रो, काट्यांचा लालभडक रोच्या, जे त्या दिवशी जाळ्यात आलं ते. हे संपेपर्यंत आत उरलेल्या रश्श्यात भात शिजत असतो, तो पसरट कढईत, बोटाच्या पेराएवढापण जाड नाही असा थर, माकुलासारख्या सेपियाचे तुकडे, तळाला धरलेला, आणि त्या धरलेल्या खरवडीसाठी टेबलावर भांडणं होतात, आपल्याकडे होतात तशीच. आपला माणूस पहिल्या ताटावरच तुटून पडतो आणि भात आल्यावर हताश होऊन बघत बसतो, तर अर्धं पोट रिकामं ठेवा. किमान दोघांसाठी करतात, माणशी ३० ते ४५ युरो धरा, बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. काला मास्तेयाच्या खडकांवरचं एल बिगोतेस यासाठी प्रसिद्ध आहे, बुकिंगशिवाय जाण्यात अर्थ नाही.

"सोफ्रित पाजेस" म्हणजे शेतकऱ्याचं मटण-चिकन, बटाट्यासोबत, त्यात सोब्रासादा आणि बुतिफारा हे डुकराच्या मांसाचे सॉसेज. मसाल्यात दालचिनी, लवंग, केशर येतं त्यामुळे आपल्या जिभेला एकदम परकं वाटत नाही, तिखट मात्र शून्य. "एन्सालादा पायेसा" गावाकडची कोशिंबीर, उकडलेला बटाटा, भाजलेली लाल सिमला, टोमॅटो आणि त्यात कडक वाळवलेला पाव, किंवा शेजारच्या फॉर्मेंतेरा बेटाकडचा सुका मासा. सुक्या मासळीवर वाढलेल्या कोकणी माणसाने दुसरी मागवावी.

गोडात "फ्लाओ" चुकवू नका. शेळी-मेंढीच्या ताज्या चीजचा टार्ट, त्यात पुदिना, आणि खालच्या पारीत बडीशेपेच्या वासाची अॅनिस. पहिला घास विचित्र लागतो, चीजकेकमध्ये कोणी चटणीतला पुदिना टाकला असं, तिसऱ्या घासाला जमून जातं. दुसरं "ग्रेशोनेरा", शिळ्या एन्साइमादा पावाचं पुडिंग. जेवणानंतर घरचा म्हणून छोटा ग्लास "येर्बास" येतो, अॅनिस आणि डोंगरातल्या वनस्पतींची गोडसर दारू, तो बहुतेक वेळा फुकट असतो. सा कालेता बीचला "काफे कालेता" मिळते, कॉफीत ब्रँडी, दालचिनी, संत्र्या-लिंबाची साल घालून पेटवलेली.

शाकाहारी असाल तर

"सिन कार्ने" म्हणजे मांस नको, एवढंच म्हणालात तर हॅम घालून आणतील, कारण त्यांच्या हिशोबात हॅम वेगळं. पूर्ण वाक्य पाठ करा: "सोय व्हेजेतारियानो, नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी हामोन, नी आतून." बाई असेल तर व्हेजेतारियाना. आतून म्हणजे टूना, आणि तो साध्या मिक्स सॅलडवर न सांगता येऊन बसतो. एन्साइमादाच्या पावात डुकराची चरबी असते, नावातच ती आहे, हे बरेच जण खाऊन झाल्यावर वाचतात, आणि मग ग्रेशोनेरापण तुमच्यासाठी बाद. येर्बास, गझपाचो, पादरोनच्या तळलेल्या मिरच्या, पातातास ब्रावास म्हणजे सॉस घातलेले तळलेले बटाटे, एस्कालिवादा म्हणजे भाजलेली वांगी-सिमला, भाज्यांची पाएया, आणि अंडं चालत असेल तर तोर्तिया, यावर आठवडा निघतो. जैन जेवण मात्र बाहेर अवघड आहे, किचनवालं घरच घ्या. भारतीय रेस्टॉरंट्स आहेत, सान्त अंतोनीत जास्त, पण चव ब्रिटिश टुरिस्टच्या हिशोबाची, त्यामुळे तिखट हवं असेल तर स्पष्ट सांगायचं.

बिलातल्या खाचाखोचा

ब्रेड आणि आलिओली न मागता येतं आणि ते फुकट नसतं, माणशी दोन ते चार युरो. नको असेल तर आल्या आल्या "नो, ग्रासियास" म्हणून परत करा, कोणी वाईट मानत नाही. माशाच्या पुढे भाव नसेल आणि "सेगुन मेर्कादो" लिहिलं असेल तर भाव त्या दिवशीच्या बाजाराप्रमाणे, बहुतेक वेळा किलोवर, वेटर मासा ताटात आणून दाखवेल तेव्हाच वजन करून एकूण किती होतील ते विचारा, मान डोलावलीत की ऑर्डर झाली. इबिझाची लाल कोळंबी आणि लॉब्स्टर यांच्या बाबतीत तर डबल विचारा. कार्डाच्या तळाशी "इवा नो इन्क्लुइदो" असेल तर १० टक्के टॅक्स वरून लागेल. टिप सक्तीची नाही, सुटे पैसे ठेवले तरी चालतं.

बीचवरच्या खाटा दोन प्रकारच्या. नगरपालिकेच्या परवान्यावरच्या साध्या, आणि बीच क्लबच्या, जिथे खाटेचे पैसे वेगळे आणि त्यावर "किमान इतक्याचं खा-प्या" ही अट, ती शंभर-दोनशेच्या घरात सहज जाते. टॉवेल आणि सावलीची छत्री असेल तर दोन्हीची गरज नाही, सगळे बीच सार्वजनिक आहेत. वरच्या टोकाला सुब्लिमोशन नावाचं बारा माणसांचं एकच टेबल असलेलं प्रकरणपण याच बेटावर २०१४ साली सुरू झालं, माणशी दीड हजार युरोच्या वर. ते वाचून सोडून द्यायचं.

क्लबची रात्र

पाचा १९७३ पासून, अॅम्नेशिया १९७६ पासून, बाकी उशुआइया, हाय, डीसी-१० वगैरे. एक रात्र नीट निवडा, रोज जाऊ नका. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर साधारण ४० ते ८०, मोठा डीजे असेल तर त्याहून वर. आत पाण्याची बाटलीच दहा युरोच्या आसपास आणि कॉकटेल वीसच्या वर. उशुआइया दुपारी सुरू होऊन मध्यरात्रीच्या आत संपतं, म्हणजे परत यायला बस मिळते. उशिराच्या क्लबांसाठी सीझनमध्ये डिस्कोबस म्हणजे क्लबांकडे जाणारी रात्रीची बस असते, काही युरोत काम होतं, पहाटे सहाला टॅक्सीच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा बरी. रांगेबाहेर कोणी "टॅक्सी टॅक्सी" करत आला तर जाऊ नका, परवाना नसलेल्या गाड्या असतात.

सान्त अंतोनीच्या वेस्ट एंड भागात रस्त्यावर दारू पिऊ नका, दंड ५०० युरोपासून सुरू होतो, आणि त्या भागातल्या दुकानांत रात्री साडेनऊनंतर सकाळी आठपर्यंत दारू विकत नाहीत. ऑल-इन्क्लुझिव्ह हॉटेल त्या भागात घेत असाल तर तिथे दिवसाला फक्त सहा ड्रिंक्स, तीन दुपारी जेवताना आणि तीन रात्री, तेव्हा "अनलिमिटेड" समजून पैसे भरू नका.

फुकटातलं पण आहे. सान्त अंतोनीत काफे देल मारच्या समोरचे खडक, जुलैत सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो, कॅफेचं संगीत खडकांवर ऐकू येतं, सोबत आपला बोकादियो आणि लिंबूपाणी. रविवारी संध्याकाळी बेनिरास बीचला ढोल वाजवणारे जमतात. शनिवारी सान्त कार्लेसचं लास दालियास मार्केट, बुधवारी एस कानारचं पुंता आराबी, तिथे गेल्यावर गोवेकरांना अंजुण्याची आठवण येईल आणि ती उगाच नाही, साठ-सत्तरच्या दशकात हीच हिप्पी मंडळी उन्हाळा इबिझात आणि थंडी गोव्यात काढायची. म्हणूनच तिथली चांदी आणि ब्लॉकप्रिंटचे कपडे घेऊ नका, त्यातलं बरंच आपल्याकडूनच गेलेलं असतं, चारपट भावात.

दिवसाचा हिशोब

खोली सोडून, जूनमध्ये: नाश्ता ५, मेनू देल दिया १८, संध्याकाळचं ८, पाणी २, बस ७, एखादी कॉफी आणि बिअर ६. झाले ४६, पन्नास धरा. क्लबच्या दिवशी त्यात तिकीट ६०, आत दोन ड्रिंक आणि पाणी ५०, येणं-जाणं १०, म्हणजे दिवस १७० चा. फॉर्मेंतेराला जायचं तर फेरीबोट अर्ध्या तासाची, जाऊन-येऊन तिकिटाचे चाळीस-पन्नास वेगळे ठेवा, आणि तिथे जेवण इबिझाहून महाग, डबा इकडूनच न्या. गाडी भाड्याने फक्त एक-दोन दिवस घ्या, उत्तरेकडची गावं आणि छोटे बीच त्याच दिवसांत उरका, बाकी दिवस बस पुरते.

येर्बासची बाटली न्यायची असेल तर ती सुपरमार्केटमधूनच आधी घ्या, मारी मायान्स ब्रँडची चांगली असते, आणि चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून टाका, केबिन बॅगेत ठेवलीत तर सिक्युरिटीला काढून घेतील.